तिघांची एकच नाडी

माझी बत्तीस वर्षांची नोकरी वजनमापे खात्यात झाली. निरीक्षक होतो. तासगाव, विटा, जत, पुन्हा तासगाव असा फिरलो आणि जिथे गेलो तिथे पारड्याखाली चिंच चिकटवणारे, मापाच्या बुडाला पोचा पाडणारे असे नाना कलावंत पकडले. त्यामुळे मापात खोट करणाऱ्याच्या चेहऱ्यावर कसला भाव असतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. तो अगदी निष्पाप असतो. दोन हजार अडतीस साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तो भाव मी स्वतः धारण केला. त्याची ही हकिकत.

मृणाल, माझी मुलगी, पुण्याला असते. तिची आई गेल्यावर दोन वर्षं ती माझ्याशी विनवणीच्या भाषेत बोलली, मग कराराच्या भाषेवर आली.

"बाबा, एक तर इकडे राहायला या, नाही तर ही पट्टी बांधा."

पट्टीचं नाव होतं 'सोबती'. दंडाला बांधायची, दोन बोटं रुंद, राखी रंगाची. रोज रात्री ती शंभरपैकी गुण द्यायची आणि ते गुण माझ्याआधी मृणालला कळायचे. सलग चौदा दिवस गुण साठाच्या खाली राहिले, तर मी निमूटपणे पुण्याला जायचं, असं ठरलं. तिथे तिने ज्येष्ठांच्या संकुलात अकराव्या मजल्यावर खोली बघून ठेवली होती. संकुलाच्या माहितीपत्रकावर एक आजोबा आणि एक आजी कशाला तरी खदखदून हसत होते. कशाला, ते छापलेलं नव्हतं.

मला तासगाव सोडायचं नव्हतं. इथे मी एखाद्या दुकानात शिरलो की मालक अजूनही आधी तराजू पुसतो, मग "या साहेब" म्हणतो. अकराव्या मजल्यावर माझ्यासाठी कोण काय पुसणार होतं?

पट्टीची करामत मात्र मानण्यासारखी होती. आतल्या बाजूला हिरवा प्रकाश फेकणारे बारीक दिवे असतात. रक्ताची लाट येते तसा कातडीखालून परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो, त्यावरून ती प्रत्येक ठोका मोजते. दोन धातूच्या ठिपक्यांमधून इतका क्षीण विद्युतप्रवाह सोडते की मुंगीलाही कळू नये, आणि शरीरात पाणी साठायला लागलं तर त्या प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्यावरून ओळखते. माणूस किती चालतो, कसा चालतो, झोपेत श्वास कसा घेतो, हेही टिपते. पण खरी मेख पुढे आहे. डॉक्टर तुमचा रक्तदाब चार माणसांच्या रक्तदाबाशी ताडून पाहतात. ही पट्टी तुम्हाला फक्त तुमच्याशी ताडते. पहिले नव्वद दिवस ती तुमचा अभ्यास करते, आणि त्यानंतर तुम्ही तुमच्यासारखे वागेनासे झालात की ओरडते. हृदय थकायला लागलं की पायांवर सूज दिसण्याआधी आठ-दहा दिवस तिला वास लागतो. म्हणजे घात व्हायचा दिवस उगवण्याआधीच गोळी बदलता येते, आणि तो दिवस मग साध्या बुधवारासारखा निघून जातो.

हे सगळं मला पटलं. अडचण एवढीच होती की पहिल्या आठवड्यात मला सत्तावन्न गुण मिळाले.

"हृदय तसं ठीक आहे," मृणाल फोनवर म्हणाली. "पण तुम्ही चालत नाही, बाबा. दिवसाला नऊशे पावलं! मैदानावर रोज जाता ना फिरायला?"

"रोज जातो," मी म्हणालो. ते खरं होतं. नगरपालिकेच्या मैदानावर मी रोज सकाळी सहाला जायचो आणि फाटकाजवळच्या बाकावर बसायचो. बाकावर आणखी दोघं असत. एक वाटवेबाई, कन्याशाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांनी अर्ध्या गावाला पाढे आणि उरलेल्या अर्ध्याला धपाटे दिले होते. दुसरे अण्णासाहेब मगदूम, बेदाण्याचे जुने व्यापारी. तिघांच्या मिळून सहा गुडघ्यांपैकी दीड बरा होता. तिघांच्याही मुलांनी त्याच महिन्यात तीच पट्टी पाठवली होती. वाटवेबाईंना पंचावन्न, मगदुमांना एकावन्न.

आणि आमच्यासमोरून रोज दहा फेऱ्या घालत जायचे रावसाहेब चौगुले.

रावसाहेब हे त्यांचं पाळण्यातलं नाव. पेशाने पोस्टमन. त्यामुळे पोस्टात सदतीस वर्षं पोस्टमास्तर त्यांना "रावसाहेब, एवढी पाकिटं टाका" म्हणायचे आणि नवीन माणसाला नेमका साहेब कोण हे कळायचं नाही. वय एकाहत्तर. निवृत्त झाल्यावर पायांना सांगता आलं नाही म्हणून चालतच राहिले. त्यांना पट्टी नव्हती. "मला काय झालंय?" असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांच्याकडे बघून ते कुणालाही पटलं असतं.

कल्पना वाटवेबाईंची. ही गोष्ट नोंदवून ठेवतो, कारण पुढे त्यांनी ती माझी असल्याचं सांगितलं.

"रावसाहेब," त्या म्हणाल्या, "फिरतच आहात, तर माझी एवढी पट्टी फिरवून आणा."

"द्या की बाई." त्यांनी पट्टी दंडावर चढवली. "सायेब, तुमची? मगदूमअण्णा, काढा की. एक काय नि तीन काय. पूर्वी तुमची पत्रं आणून देत होतो, आता नाडी नेऊन आणतो."

झालं. त्या दिवसापासून सकाळी सहा ते आठ आमच्या तिघांच्या पट्ट्या रावसाहेबांच्या उजव्या दंडावर एकाखाली एक बसून मैदानाला दहा फेऱ्या घालायच्या आणि आम्ही बाकावर बसून पेरू खायचो. रात्री मला एक्क्याऐंशी गुण पडले.

आमचं नव्वद दिवसांचं शिक्षण त्याच काळात चालू होतं. म्हणजे पट्टी आमचा अभ्यास करत होती आणि आम्ही तिला चुकीचं पुस्तक देत होतो. तिने निमूटपणे शिकून घेतलं की हा माणूस रात्रंदिवस चौऱ्याहत्तर वर्षांचा असतो, पण सकाळी सहा ते आठ त्याला दुसरंच हृदय बसतं. यंत्राला संशय नावाचं इंद्रिय दिलं तरच असतं. संशय घ्यायचं काम 'सोबती'च्या पुण्याच्या केंद्रातल्या डॉक्टर आफरीन मुजावर यांच्याकडे होतं, पण त्या तरुण होत्या, आणि तरुण शास्त्रज्ञाला चमत्कार दिसला की संशयापेक्षा आधी आनंद होतो.

त्यांचा व्हिडिओ कॉल आला. "वाळिंबेकाका, एकाच गावात, एकाच गल्लीत तीन ज्येष्ठ, आणि तिघांचीही सकाळची क्षमता खेळाडूसारखी! आम्ही केंद्रात याला 'तासगाव परिणाम' म्हणतोय. तुम्ही सकाळी नेमकं खाता काय?"

मगदूम शेजारीच बसले होते. त्यांनी एक क्षणही घालवला नाही. "बेदाणा," ते म्हणाले. "रात्री भिजवलेला. काळा."

डॉक्टर मुजावरांनी ते लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात त्यांनी भिजवलेल्या काळ्या बेदाण्यावर एक निबंध लिहायला घेतल्याचं कळलं. मी बत्तीस वर्षं चिंच चिकटवणाऱ्यांना पकडलं, पण त्यांच्यापैकी कुणीही विज्ञानाला एवढ्या लांबवर चुकीच्या दिशेने पाठवलं नव्हतं.

एकच गोष्ट बिघडली, आणि ती मला बऱ्याच उशिरा लक्षात आली. सत्तावन्नच्या काळात मृणाल रोज सकाळी फोन करायची. रागवायची, "गोळी घेतली का, पाण्याची बाटली घेतली का" म्हणायची, पाच-दहा मिनिटं बोलायची. एक्क्याऐंशी झाल्यावर फोन दिवसाआड आला, मग रविवारी. तेही बरोबरच. उत्तम चाललेल्या माणसाला कुणी काय विचारायचं? मी कधीकधी फोन हातात घेऊन बसायचो आणि करायचो नाही. बोलायला खरं असं माझ्याकडे काही नव्हतं.

मार्चमधल्या एका मंगळवारी, सकाळच्या नोंदींचा हिशेब लागायच्या वेळी, दहाला, पट्टी ओरडली.

ती याआधी कधी ओरडली नव्हती. दंडावर थरथरली, लाल झाली आणि बाईच्या आवाजात म्हणाली, "कृपया बसून घ्या. आपल्या हृदयाच्या ठोक्यांमध्ये खंड आढळले आहेत. पुढील बहात्तर तासांत शुद्ध हरपण्याची शक्यता अठ्ठ्याऐंशी टक्के आहे. घाबरू नका."

मी बसून घेतलं. "घाबरू नका" ऐकल्यावर घाबरलो. लगेच छातीत डाव्या बाजूला दुखायला लागलं, मग उजव्या बाजूलाही. तेवढ्यात मृणालचा फोन. "बाबा, मी निघाले. हलू नका. तुमची बॅगही भरून घेणार आहे, आता ऐकणार नाही मी." मागोमाग वाटवेबाईंचा फोन. त्यांचीही पट्टी ओरडली होती. मग मगदुमांचा. ते म्हणाले, "वाळिंबे, माझं आज-उद्याचंच दिसतंय. मी दोन पेढे खाऊन घेतले. आता पथ्य कुणासाठी करायचं?"

साडेअकराला सांगलीहून केंद्राची तपासणीची गाडी आली. तिघांनाही माझ्याच घरी बोलावून झोपवलं. छातीला वायरी लावल्या, उभं केलं, बसवलं, पुन्हा झोपवलं, रक्त घेतलं. दोन तासांनी तंत्रज्ञ डोकं खाजवत म्हणाला की तिघांचीही हृदयं वयाच्या मानाने झकास आहेत, आणि गाडी परत गेली. माझ्या छातीतलं दुखणं तिच्यापाठोपाठ गेलं.

अडीचला मृणाल आली. गाडीतून उतरली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. तपासणीचे कागद वाचून ती खुर्चीत बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून एकदम हसायला लागली. सुटकेचं हसू असतं तसं. त्याच वेळी समोरच्या पडद्यावर डॉक्टर मुजावर आल्या.

"मृणालताई, तुम्हाला उगाच पळवलं. माफ करा. खंड तिघांच्याही नोंदीत अगदी एकाच क्षणी आलेत. सकाळी सहा वाजून बेचाळीस मिनिटं सतरा सेकंदांनी. तीन पूर्णांक आठ सेकंद ठोका नाही, मग पुन्हा सुरू. काल सहा एकोणचाळीसला, परवाही. तीन वेगळ्या माणसांचं हृदय एकाच क्षणी थांबू शकत नाही. तिघांची एकच नाडी! म्हणजे पट्ट्यांच्या या तुकडीतच दोष आहे."

"एकनाड असली की लग्न जमत नाही," मगदूम पुटपुटले. त्यांच्या नातीचं लग्न दहा दिवसांवर आलं होतं, त्यांना दुसरं सुचत नव्हतं.

"मी हा इशारा खोटा म्हणून काढून टाकते," मुजावर म्हणाल्या. "काका, तुमचे गुण एक्क्याऐंशीच राहतील."

"मग बॅग भरायला नको," मृणाल म्हणाली. "राहा बाबा इथेच. चांगलं चाललंय तुमचं."

मला जे हवं होतं ते सगळं एका मिनिटात मिळालं होतं.

सहा बेचाळीस. मी वाटवेबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मगदुमांनी छताकडे पाहिलं. सहा बेचाळीसला आमच्यापैकी कुणाच्याही दंडाला पट्टी नव्हती. त्या वेळी तिन्ही पट्ट्या एकाच माणसाच्या दंडावर होत्या, आणि त्या माणसाचं 'सोबती'च्या वहीत नाव नव्हतं.

मी खोटं बोलणार नाही. इतके महिने बोललो होतो, पण आता बोलणार नाही. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की उद्या सकाळी रावसाहेबांना गोडीगुलाबीने दवाखान्यात नेऊ. कुणाला काही सांगायची गरज नाही. अकराव्या मजल्यावर जायचीही नाही.

"डॉक्टर," मी म्हणालो, "एक शंका आहे. असं समजा, की हे खंड खरेच कुणाचे तरी आहेत. तर त्याला उद्यापर्यंत थांबता येईल?"

"कुणाचे नाहीत म्हणून बरं आहे, काका. हृदयात एक नैसर्गिक घड्याळ असतं, ठोक्याची आज्ञा देणारं. ते असं दमायला लागलं की आधी फक्त श्रमाच्या वेळी अडखळतं. साध्या तपासणीत सापडतही नाही. दहा दिवसांत हे खंड दीड सेकंदावरून पावणेचारवर गेलेत. असा माणूस खरा असता तर मी त्याला आज जिनासुद्धा चढू दिला नसता."

"असं समजा," मी म्हणालो, "की एक माणूस आहे. तो दहा फेऱ्या चालतो. आणि असं समजा, की तीन माणसं चालत नाहीत."

डॉक्टर मुजावरांच्या चेहऱ्यावरून बेदाणा हळूहळू उतरताना मला दिसला.

"बाबा," मृणाल म्हणाली.

"सत्तावन्न आहे माझं," मी म्हणालो. "फार तर अठ्ठावन्न. एक्क्याऐंशी रावसाहेबांचे. तू हवं तर बॅग भर, पण आधी त्यांना शोधू या."

मृणालने गाडीची किल्ली उचलली. "फोन लावा त्यांना."

"फोन ते घरी कपाटात ठेवतात," वाटवेबाई म्हणाल्या. "बॅटरी वाचते म्हणून."

"आहेत कुठे मग?"

सगळ्यांनी मगदुमांकडे पाहिलं. मगदुमांनी छतावरून नजर खाली आणली आणि त्यांचे डोळे भरले. "माझ्या नातीच्या पत्रिका वाटायला गेलेत. मीच दिल्या. सायकलवर. आज चिंचणी रस्त्याची बाजू. पस्तीस घरं."

आमच्याकडे लग्नपत्रिका फोनवर पाठवली तर तिला कुणी आमंत्रण म्हणत नाही. माणसाने दारात यायचं, हातात पत्रिका नि अक्षता द्यायच्या, "सगळ्यांनी यायचं" म्हणायचं. रावसाहेबांइतकी गावाची दारं कुणालाच पाठ नव्हती, म्हणून निवृत्तीनंतर हे काम आपोआप त्यांच्याकडे आलं होतं. यादी मगदुमांच्या खिशातच होती; तिचा फोटो वाटवेबाईंनी आपल्या फोनवर काढून घेतला. मी, मगदूम आणि मृणाल गाडीत बसलो. डॉक्टर मुजावर मृणालच्या फोनमध्ये होत्या आणि दुसऱ्या फोनवरून सांगलीच्या गाडीला परत फिरवत होत्या. गुडघे जास्तच दुखत असल्यामुळे वाटवेबाई मागे राहिल्या.

पहिल्या घरी मृणालने दारातूनच विचारलं, "रावसाहेब आले होते?"

"येऊन गेले की तासाभरापूर्वी. अगंबाई, मगदूमअण्णा! स्वतः आलात? मग दारात काय उभे? सरबत करते, या."

इथे एक घोळ झाला, जो आमच्या गावाबाहेरच्या माणसाच्या ध्यानात येणार नाही. पत्रिका पोचल्यावर तासाभरात मुलीचा आजोबा स्वतः दारात आला आणि पाणीही न पिता पळाला, तर घरात त्याचा एकच अर्थ होतो. दुसऱ्या घरी म्हातारीने विचारलंच, "लग्न मोडलं का काय?" तिसऱ्या घरी मगदुमांना बसावं लागलं. चौथ्या घरी आम्ही पोचण्याआधीच लग्न मोडल्याची बातमी पोचली होती आणि तिथले लोक आमचं सांत्वन करायला बाहेर आले.

"तुम्ही लोक इमर्जन्सीत पण चहा पिता?" मृणाल स्टिअरिंगवर कपाळ टेकून म्हणाली.

"नाही प्यायलो तर दुसरी इमर्जन्सी होते," मी म्हणालो. पुढची गल्ली अरुंद होती. मी गाडीतून उतरलो आणि चालायला लागलो. एकेका दारात डोकं घालून विचारत पुढे. गुडघा ओरडत होता. त्याला म्हटलं, आज तू गप्प बस.

शेवटी त्यांना शोधलं वाटवेबाईंनी, माझ्या खुर्चीत बसून. यादीतली अर्धी घरं त्यांच्या विद्यार्थिनींची होती. त्या खालून वर एकेकीला फोन लावत सुटल्या. "मी वाटवेबाई बोलते" म्हटल्यावर समोरची बाई, वय पन्नास असलं तरी, उभी राहायची. बाराव्या फोनला शोभा हजारे नावाच्या विद्यार्थिनीने सांगितलं, "बाई, रावसाहेब आत्ताच खाली दिसतायत, जिना चढणारेत आमचा."

"त्यांना पहिल्या पायरीवर बसव. उठू द्यायचं नाही. उठले तर तुला अंगठे धरायला लावीन."

वाटवेबाईंचा निरोप मिळून आम्ही पोचलो तेव्हा रावसाहेब पहिल्या पायरीवर पत्रिकांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते आणि शोभाबाई दोन्ही हात पसरून जिना अडवून उभ्या होत्या.

"काय ओ सायेब, ह्या बाई वर सोडंनात. अजून सतरा घरं ऱ्हायल्यात."

मी माझ्या दंडाची पट्टी काढली आणि त्यांच्या दंडाला बांधली. फोनमधून डॉक्टर मुजावर म्हणाल्या, "येतंय. दिसतंय मला."

"रावसाहेब, हल्ली चक्कर येते का?" मी विचारलं.

"चक्कर कुठली? दहा-बारा दिस झालं, जरा डोळ्यापुढं अंधारी येतीया. ते पित्त हाय." आणि ते आमच्या प्रश्नांना कंटाळून उभे राहिले, पिशवी खांद्याला लावली. "पित्ताला काय, सकाळी उठून थोडं लिंबू—"

वाक्य तिथे थांबलं.

तोंड उघडं होतं, डोळे माझ्याकडेच होते, पण त्यांत कुणी नव्हतं. मी त्यांना काखेत धरलं, दुसऱ्या बाजूने मृणालने. फोनमधून मुजावर मोजत होत्या, दोन, तीन, चार. मगदुमांनी भर रस्त्यात हात जोडले. पाच. त्यांचं सगळं वजन आमच्या हातांवर आलं.

"—सरबत घेतलं की बरं वाटतंय," रावसाहेब म्हणाले. मग इकडेतिकडे बघितलं. "धरलंय कशाला मला?"

त्यांना काही झाल्याचं कळलंच नव्हतं. जिन्यावर असते, सायकलवर असते, तर कळायला कोणी उरलं नसतं. शोभाबाईंनी त्यांना पायरीवर नाही, सरळ ओसरीवर आडवं केलं. वीस मिनिटांनी गाडी आली, आणि गाडीत चढतानाही ते पत्रिकांची पिशवी सोडायला तयार नव्हते. ती मगदुमांनी घेतली. उरलेली सतरा घरं मी आणि मगदुमांनी दुसऱ्या दिवशी केली. चार ठिकाणी लग्न मोडलं नसल्याचं पटवून द्यावं लागलं.

मिरजेच्या दवाखान्यात त्याच संध्याकाळी रावसाहेबांच्या मांडीतल्या शिरेतून औषधाच्या गोळीएवढं एक यंत्र हृदयात नेऊन बसवलं. आतलं घड्याळ विसरलं की हे आठवण करून देतं, एवढंच त्याचं काम. तासाभरात डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, छान झालं, परवा घरी न्या. आम्ही सगळे एकदम बसलो. उभे होतो, हे तेव्हा कळलं.

रावसाहेब शुद्धीतच होते. "मला एक सांगा," त्यांनी विचारलं, "पट्टी तर माझ्या नावाची नव्हती. मग कळलं कसं?"

"तुम्ही आमच्या तिघांच्या नावाने आजारी पडलात," वाटवेबाई म्हणाल्या.

त्यांनी बराच विचार केला. "मग पत्ता चुकला की ओ. तरी पोचलं म्हणायचं."

डॉक्टर मुजावर दुसऱ्या दिवशी पुण्याहून स्वतः आल्या. मी माफीचं भाषण तयार ठेवलं होतं. त्यांनी ते अर्ध्यात तोडलं. "काका, माझा निबंध छापायला जाणार होता. परवा!" आणि मग त्यांनाच हसू आलं, इतकं की नर्स येऊन गप्प करून गेली. जाताना त्यांनी आम्हा तिघांची नव्वद दिवसांची नोंद पुसली, रावसाहेबांना स्वतःच्या नावाची पट्टी बांधली आणि मगदुमांकडून दोन किलो काळा बेदाणा घेतला. "आता औषध म्हणून नाही," त्या म्हणाल्या. "खायला."

मृणाल आणि मी दवाखान्याच्या उपाहारगृहात समोरासमोर बसलो. ती चमच्याने चहा ढवळत होती. साखर केव्हाच विरघळली होती.

"का केलंत, बाबा?"

"अकरावा मजला."

"एवढंच?"

"आणि सत्तावन्न गुणांचा बाप तुला कुठे दाखवायचा, असंही वाटलं."

"सत्तावन्नला मी रोज फोन करत होते," ती म्हणाली. "काळजी वाटायची, राग यायचा, पण तुमच्याशी बोलणं व्हायचं. एक्क्याऐंशीवाल्याला काय विचारायचं ते मला समजेना. तो बाप मला ओळखीचाच वाटेना. आता कळलं, तो रावसाहेब होता."

"भला माणूस आहे," मी म्हणालो.

"हो ना. पण मला माझा हवाय." तिने डोळे पुसले आणि लगेच कराराच्या भाषेवर आली. "साठाची अट रद्द. पुण्याची खोली मी सोडते. पण पट्टी तुमच्याच दंडावर, आंघोळ सोडली तर चोवीस तास. आणि सकाळी मी विचारलं की खरं सांगायचं. आकडा नाही, खरं."

मी मान्य केलं. बत्तीस वर्षं दुसऱ्यांकडून हेच लिहून घेत आलो होतो, पण ते इतकं हलकं वाटतं हे मला माहीत नव्हतं.

ती दुसऱ्या दिवशी एकटीच पुण्याला गेली. परवा सकाळी सातला तिचा फोन आला तेव्हा मी मैदानावरची पहिली फेरी निम्मी करून, धापा टाकत, कुंपणाचा आधार घेऊन उभा होतो. आदल्या रात्रीचे गुण त्रेपन्न होते. ते तिने मला सांगितले नाहीत आणि मी तिला सांगितले नाहीत.

"कसे आहात, बाबा?"

"गुडघा फार दुखतोय गं," मी म्हणालो.

"डावा की उजवा?" तिने विचारलं, आणि आम्ही बावीस मिनिटं बोललो.